स्वातंत्र्यानंतरचे पहिले कायदे आणि कोकणातली जमीन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी गावी येतात, माळ्यावरची ट्रंक खाली उतरते, आणि पुढचे दोन महिने आमच्याकडे प्रश्न येत राहतात. बहुतेक प्रश्न १९४७ ते १९५७ या दहा वर्षांतल्या कायद्यांचे असतात. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. कायद्याला तीन तारखा असतात: तो मंजूर झाला ती, त्याचा अंमल सुरू झाला ती, आणि तुमच्या शेतापर्यंत तो पोचला ती. घराघरांतली भांडणं तिसऱ्या तारखेवरून होतात आणि नेमकी तीच कुणाला ठाऊक नसते.

१. १५ ऑगस्ट १९४७ ला इंग्रजांचे सगळे कायदे रद्द झाले ना?

नाही. भारतीय स्वातंत्र्य अधिनियमानेच सांगून ठेवलं होतं की आधीचे कायदे, कुणी बदलेपर्यंत, चालू राहतील. २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना लागू झाली तेव्हा अनुच्छेद ३७२ ने पुन्हा तेच केलं. नाहीतर १६ ऑगस्टला सकाळी तलाठी कुठल्या अधिकाराने चावडीत बसला असता? आपल्याकडे जमीन महसुलाचा १८७९ चा मुंबईचा कायदा स्वातंत्र्यानंतरही वीस वर्षं चालला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची असली तरी तिचा अंमल १५ ऑगस्ट १९६७ पासूनचा. त्यामुळे १९५५ च्या फेरफारात (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीत) १८७९ च्या कायद्याचं कलम दिसलं तर तो कागद खोटा समजू नका.

२. वटहुकूम, अधिनियम, अधिसूचना आणि जीआर यांत फरक काय? आमच्याकडे सगळ्यालाच ‘सरकारचा हुकूम’ म्हणतात.

फरक मोठा आहे. वटहुकूम (कागदोपत्री अध्यादेश) राज्यपाल काढतात, तेही विधिमंडळाचं अधिवेशन चालू नसताना. त्याचं बळ कायद्याइतकंच, पण आयुष्य थोडं. सभागृह पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही तर तो आपोआप संपतो. १९३५ च्या कायद्यातही सहा आठवड्यांचीच मुदत होती, घटनेने ती पुढे चालवली.

अधिनियम म्हणजे सभागृहाने मंजूर केलेला पुरा कायदा. तो कधीपासून आणि कुठल्या भागात लागू, हे पुष्कळदा अधिसूचनेने ठरतं आणि ती राजपत्रात छापून येते. जीआर म्हणजे शासन निर्णय. खात्याने काम कसं करावं याची ती सूचना असते. अधिनियमाने दिलेला हक्क जीआर काढून घेऊ शकत नाही. कुणी जीआरची प्रत दाखवून ‘तुमचं कूळपण गेलं’ (म्हणजे दुसऱ्याची जमीन कसण्याचा हक्क गेला) म्हणत असेल तर त्यामागचं कलम विचारा.

३. तेव्हा हे कायदे करत कोण होतं? दिल्ली की मुंबई?

जमीन हा प्रांताचा विषय, म्हणून मुंबई. दिल्लीत ९ डिसेंबर १९४६ पासून संविधान सभा बसत होती, तर मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ काम करत होतं. खेर मूळचे रत्नागिरीचे. गृह आणि महसूल खातं मोरारजी देसाईंकडे होतं. घटना लागू होईपर्यंत खेरांना मुंबईचे पंतप्रधान म्हणत. घरातल्या जुन्या पत्रात ‘पंतप्रधान खेर’ दिसलं तर ती चूक नाही. त्या वेळचा मुंबई प्रांत गुजरातपासून कर्नाटकपर्यंत पसरलेला होता, म्हणूनच कोकणाच्या जमिनीच्या कायद्यांना ‘मुंबई’ हे नाव.

४. खोत म्हणजे जमीनदारच ना?

अगदी तसं नाही, आणि इथूनच पुढचा सगळा घोळ होतो. खोत मुळात गावचा सारा गोळा करून सरकारात भरणारा. कुळाकडून घ्यायचं आणि सरकारात भरायचं यातला फरक त्याचा. पण पिढ्यान्‌पिढ्या हे काम एकाच घराकडे राहिलं की गावच त्याचं होऊन जातं. रत्नागिरी जिल्ह्यासाठी इंग्रजांनी १८८० मध्ये खोतीचा वेगळा कायदा केला आणि ही पद्धत कागदावर पक्की झाली.

खोती गावात सगळे सारखे नव्हते. धारेकरी ठरलेला सारा, म्हणजे धारा, भरायचा. त्याच्या जमिनीवर खोताचा हात फारसा चालत नसे. त्याच्याखाली निमधारेकरी, मग कायम कूळ, आणि सगळ्यात शेवटी साधं कूळ. पिकाचा अर्धा वाटा देणारा अर्धेली, तिसरा हिस्सा देणारा तिर्धेली. त्यावर वेठ वेगळी. खोताच्या घरची लावणी आधी, स्वतःची मागून. कोकणात पावसाने चार दिवस उघडीप दिली की रोपं हातची जातात. लावणी मागे पडणं म्हणजे वर्षाचा भात कमी, एवढं ज्याने शेत केलंय त्याला कळेल.

तुमचे आजोबा यांतले कोण होते हे आधी शोधा. पुढची सगळी उत्तरं त्यावर अवलंबून आहेत.

५. खोती नक्की कुठल्या दिवशी संपली?

१५ मे १९५० ला. कायद्याचं नाव ‘मुंबई खोती निर्मूलन अधिनियम, १९४९’, पण राजपत्रात तो ‘१९५० चा मुंबई अधिनियम क्रमांक ६’ आहे. म्हणून कुणी १९४९ सांगतो, कुणी १९५०, आणि दोघेही बरोबर असतात. त्यात रत्नागिरी आणि कुलाबा ही जिल्ह्यांची जुनी नावं येतात. कुलाबा म्हणजे आजचा रायगड. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा झाला, त्यामुळे कायद्यात ते नाव शोधू नका.

६. खोती गेली तर मग जमीन कुळाच्या नावावर का झाली नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात पुष्कळदा राग असतो. तो रास्त आहे.

खोती निर्मूलनाने गेला तो खोताचा हुद्दा, म्हणजे सरकार आणि कसणारा यांच्यामधला दलाल. धारेकरी, निमधारेकरी सरकारचे थेट खातेदार झाले. कायम कुळांना कब्जेहक्काची रक्कम भरून तसं होण्याची वाट मिळाली. गावातली पडीक, कुणी न कसलेली जमीन, रस्ते, नाले सरकारकडे गेले. पण खोताची स्वतःची खासगी जमीन त्याच्याच नावे राहिली, आणि त्यावरचं साधं कूळ कूळच राहिलं. सकाळी ज्याला खोत म्हणायचं त्याला संध्याकाळी मालक म्हणायचं, एवढाच त्या कुळापुरता बदल.

त्याला जमीन मिळण्याची वाट वेगळ्या कायद्यातून होती. त्यासाठी प्रश्न ८ आणि ९ पाहा.

७. चरीचा संप तर त्याच्या आधीच झाला होता. मग कायद्याला इतकी वर्षं का लागली?

अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं खोतांची शेतं कसली नाहीत. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. सहा पावसाळे शेत ओस ठेवायचं, रानातली लाकडं विकून पोट भरायचं, पण बांधावर पाय ठेवायचा नाही. अलिबाग-पेणच्या खारपट्टीत भात हेच सर्वस्व. ते सोडण्यासाठी काय धीर लागला असेल याची कल्पना मला अजूनही नीट करता येत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला, त्यात कोकणातली कुळं मोठ्या संख्येने होती. विधेयक मंजूर झालं नाही. त्या काळातून निघाला तो १९३९ चा पहिला कूळ कायदा, आणि तोही प्रांतभर लागू व्हायला १९४६ उजाडलं. मधे महायुद्ध आलं, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. पण उशिराचं सगळं खापर युद्धावर फोडू नये असं मला वाटतं. सभागृहात जमीनवाल्यांचं वजनही होतं.

८. खोतीचा कायदा आणि कूळ कायदा एकच का?

नाही. कूळ कायदा म्हणजे मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८. त्याचा अंमल २८ डिसेंबर १९४८ पासून. खोती असो वा नसो, तो सगळीकडे लागू. सुरुवातीला त्याने खंडाला, म्हणजे कुळाने मालकाला द्यायच्या भाड्याला, कमाल मर्यादा घातली आणि मालकाला मनाला येईल तेव्हा कूळ काढता येईना. दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा माणूस, लेखी करार नसला तरी, कूळ मानला जातो (कलम ४). अपवाद तीन: मालकाच्या घरातला माणूस, रोजंदारीवरचा गडी, आणि ताबेगहाणदार (जमीन गहाण घेऊन ताब्यात ठेवणारा). वादात समोरची बाजू यांपैकीच एक काहीतरी पुढे करते. ‘तो आमच्याकडे गडी होता’ हे वाक्य आम्ही किती वेळा ऐकलं असेल!

९. १ एप्रिल १९५७ ची तारीख सगळे सांगतात. त्या दिवशी काय झालं?

त्याला कृषक दिन म्हणतात. कूळ कायद्याची १९५६ ची दुरुस्ती १ ऑगस्ट १९५६ पासून लागू झाली आणि तिने कलम ३२ मध्ये लिहिलं की १ एप्रिल १९५७ रोजी जो कूळ म्हणून जमीन स्वतः कसतो, त्याने ती मालकाकडून विकत घेतली असं मानलं जाईल. अर्ज नको, मालकाची सही नको. कायद्याने खरेदी होऊन गेली.

राहिली फक्त किंमत. ती ठरवायला ‘३२ ग’ ची चौकशी. साध्या कुळासाठी किंमत आकाराच्या, म्हणजे जमिनीवर ठरलेल्या सरकारी साऱ्याच्या, २० ते २०० पटींत. शेताचा आकार चार रुपये असेल तर ८० ते ८०० रुपये. पैसे भरले की ‘३२ म’ चं प्रमाणपत्र. आमच्या आजोबांचं प्रमाणपत्र आजीने लुगड्याच्या घडीत ठेवलं होतं. घडीवर कागद विरला आहे, पण सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि गोल शिक्का अजून स्वच्छ वाचता येतो. मागच्या बाजूला कुणीतरी पेन्सिलीने हप्त्यांचा हिशेब मांडलाय, शेवटच्या आकड्याखाली दोन रेघा. ही चाल पुष्कळ घरांत असणार, तेव्हा ट्रंकेतले कागद मागूनही वाचा.

खोच इथेच आहे. चौकशीत कूळ हजर राहिलं नाही किंवा ‘मला जमीन नको’ म्हणालं, तर खरेदी निष्प्रभ ठरवता येते, आणि मग ‘३२ प’ ने जमिनीची विल्हेवाट. नोटीस गावच्या पत्त्यावर आणि माणूस परळच्या खोलीत, असं झालेली घरं कोकणात कमी नाहीत.

१०. आजोबा मुंबईला गिरणीत होते. शेत आजीने केलं. मग कूळ कोण?

आजोबाच, जर कूळ म्हणून नाव त्यांचं असेल. आणि ते मुंबईला होते म्हणून हक्क जात नाही. ‘जातीने कसणे’ याच्या व्याख्येत कुटुंबातल्या कुणाचेही श्रम धरले जातात. गड्यांकडून, पण स्वतःच्या देखरेखीखाली केलेली शेतीही त्यात बसते. उखळणी, पेरणी, लावणी, बेणणी, कापणी, झोडणी आजीने केली असेल तर ती त्या कुटुंबाचीच कसणूक.

‘नवरा मुंबईला, म्हणजे शेत कसत नव्हते’ हे म्हणणं आजही तहसीलमध्ये ऐकू येतं. ते ऐकून घेऊ नका. गिरण्या कोकणच्या माणसांनी चालवल्या आणि कोकणची शेती त्यांच्या बायकांनी चालवली. कागदावर फक्त पुरुषाचं नाव आहे म्हणून ते श्रम नव्हते असं होत नाही. पीकपाहणीत आजीचं नाव सापडलं तर त्या पानाची नक्कल आधी काढा.

कूळ मेलं तर कूळपण वारसांकडे जातं, हे कलम ४० मध्ये आहे.

११. जमिनीची मालकीण विधवा होती, म्हणून १९५७ चा नियम लागू नाही असं सांगतात. खरं का?

अर्धं खरं. मालक विधवा, अज्ञान किंवा अपंग असेल तर कुळाचा खरेदीहक्क पुढे ढकलला जातो (कलम ३२ फ), बुडत नाही. अज्ञान मालक सज्ञान झाल्यावर, किंवा विधवेचा हक्क संपल्यावर, मालकाकडच्या बाजूला जमीन परत मागायला मुदत मिळते. ती संपली की पुढच्या एका वर्षात कुळाने ‘मी घेतो’ असं कळवायचं. हे कळवणं राहून गेल्याने पुष्कळांचं नुकसान झालं. तारखा मोजताना घाई करू नका. मालकिणीच्या मृत्यूचा दाखला हातात घेऊन वकिलासमोर बसा.

१२. आजोबांनी मालकाला ‘राजीनामा’ लिहून दिला होता. सगळं संपलं का?

लगेच तसं समजू नका. कुळाने जमीन सोडायची तर ती लेखी हवी आणि मामलेदारासमोर तिची खातरजमा झालेली हवी (कलम १५). नुसत्या स्टँपपेपरवरचा अंगठा पुरत नाही. कागदावर मामलेदाराची खातरजमेची नोंद आहे का, ते पाहा.

आणखी एक. १५ जून १९५५ ला जे कूळ कब्जात होतं आणि १ एप्रिल १९५७ च्या आत ज्याला कायद्याची वाट सोडून काढलं गेलं, त्याच्यासाठी पुढे दुरुस्ती आली. ३१ जुलै १९६९ ला जमीन मालकाकडे किंवा त्याच्या वारसाकडेच असेल तर ती कुळाला परत देण्याची ती तरतूद, कलम ३२ (१ब). ‘१९५७ ला कब्जा नव्हता’ एवढ्यावर प्रकरण सोडण्याआधी हे वाचा.

१३. आम्ही चाळीस वर्षं दुसऱ्याची हापूसची बाग करतो. आम्ही कूळ का?

बाग कशी घेतली यावर आहे. दरवर्षी मोहर पाहून फळं उक्ती घेत असाल तर तुम्ही फळं विकत घेता, जमीन नाही. आणि जमीनच फळझाडं लावायला पट्ट्याने घेतली असेल, तर कलम ४३ अ मुळे कृषक दिनाची खरेदी तिथे लागू होत नाही. भातशेती आणि बाग यांना एकच नियम लावून राजापूर-देवगडात बरीच प्रकरणं फसली. एकाच सातबाऱ्यात खाली मळी आणि वर कातळावर कलमं असतील तर दोन्हींचा विचार वेगळा करा.

१४. आमचं गाव सावंतवाडी संस्थानात होतं. तिथे हे कायदे कधी लागू झाले?

सावंतवाडीचा कारभार ८ मार्च १९४८ ला मुंबईकडे आला. जंजिरा संस्थानही (मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा) १९४८ मध्येच विलीन झालं. पण कारभार आला म्हणजे कायदे आले असं नाही. संस्थानी मुलूख प्रांताचा भाग धरला गेला तो १ ऑगस्ट १९४९ पासून. मुंबईचे कायदे तिथे एकसारखे लागू करण्यासाठी १९५० मध्ये वेगळा अधिनियम झाला आणि जहागिरी, किरकोळ इनामं यांसाठी १९५३ व १९५५ मध्ये आणखी. म्हणून संस्थानी गावाला वर दिलेल्या तारखा डोळे झाकून लावू नका.

आंबोली, चौकुळ, गेळे इथली कबुलायतदार गावकर जमीन हा त्यातलाच सगळ्यात अवघड अपवाद. गावकऱ्यांनी सामाईकपणे कबुलायत (सारा भरण्याचा लेखी करार) देऊन धरलेली जमीन पुढे सातबाऱ्यावर सरकारच्या नावे दिसू लागली. ती ना खोती, ना साधं कूळ, त्यामुळे प्रश्न ६ ते १२ मधलं काही तिला तसंच लावता येत नाही.

१५. मालक लोक कोर्टात गेले नाहीत का?

गेले. देशभर गेले. पाटणा उच्च न्यायालयाने मार्च १९५१ मध्ये बिहारचा जमीन सुधारणा कायदा रद्द ठरवला. तीनच महिन्यांत संसदेने पहिली घटनादुरुस्ती केली आणि नववी अनुसूची जोडली. तिच्यातल्या कायद्यांना मूलभूत हक्कांच्या नावावर हात लावता येईना. पहिल्या तेरा कायद्यांत आपला कूळ कायदा दुसऱ्या क्रमांकावर आहे, खोती निर्मूलन सहाव्या. कृषक दिन आणणारी १९५६ ची दुरुस्तीही सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये ग्राह्य धरली.

१६. जमीन सोडून आणखी कुठल्या कायद्यांनी कोकण बदललं?

दोन नावं घेतो. १९४७ चा मंदिर प्रवेशाचा कायदा. रत्नागिरीत पतितपावन मंदिर १९३१ पासून सर्वांना खुलं होतं, पण गावोगावच्या देवळांचा दरवाजा उघडायला कायदा लागला. आणि १९४९ ची दारूबंदी, अंमल १६ जून १९४९ पासून. माडी काढून पोट भरणाऱ्या भंडारी कुटुंबांच्या हातचा धंदा तिने गेला. माड तेच, चढणारे हात तेच, पण खाली उतरवलेलं मडकं गुन्हा ठरलं. त्या घरांना त्या वेळी दुसरं काय दिलं गेलं, हे विचारायला हवं होतं.

१७. ‘३२ म’ ने मिळालेली जमीन विकता येते का?

पूर्वी कलम ४३ खाली परवानगीशिवाय नाही. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, खरेदीला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या चाळीस पट रक्कम भरून विकता येते. मात्र घेणारा शेतकरीच हवा.

१८. मामाची जमीन गोव्यात, पेडण्याला आहे. तिथेही १ एप्रिल १९५७ च का?

नाही. १९५७ मध्ये तिथे पोर्तुगीजांचं राज्य होतं. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला आणि १९६२ च्या कायद्याने तिथलेही आधीचे कायदे, बदलेपर्यंत, चालू ठेवले, अगदी प्रश्न १ सारखंच. गोव्याचा कूळ कायदा १९६४ चा आणि तिथला कृषक दिन २० एप्रिल १९७६. तेरेखोल नदीच्या दोन काठांवरच्या दोन भावांच्या तारखांत एकोणीस वर्षांचं अंतर पडतं.

१९. हे सगळं आमच्या जमिनीबाबत तपासायचं कुठे?

आजच्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ रकाना पाहा. कुळाचं नाव असलं तर शेजारी कंसात किंवा वर्तुळात फेरफार क्रमांक असतो. तो धरून मागे जायचं: फेरफार, त्याच्या मागचा फेरफार, १९५०-६० च्या दशकाची पीकपाहणी. नकला तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज केल्यावर मिळतात. अर्जात ‘सर्व जुने कागद’ असं लिहू नका. गाव, जुना सर्व्हे नंबर, हिस्सा आणि वर्ष लिहा. गट नंबर नंतर पडले असतील तर जुन्या-नव्या नंबरांचा उतारा आधी घ्या. मला एका कार्यालयात ‘रेकॉर्ड जीर्ण, मिळत नाही’ असं तीनदा सांगितलं गेलं. चौथ्या वेळी वर्षासकट फेरफार क्रमांक लिहून दिला, आणि पाऊण तासात ती वही टेबलावर आली.